थंडीच्या खात्यावर एकच मासा

१५ फेब्रुवारी २०२१च्या पहाटे दोनच्या सुमारास ह्यूस्टनमधल्या आमच्या अपार्टमेंटची वीज गेली. ती परत आली १७ तारखेला संध्याकाळी. त्या चौसष्ट तासांत आणि नंतरच्या दोन दिवसांत माझ्या फिश टँकमधल्या चोवीस माशांपैकी पंधरा मेले. पुढे कितीतरी महिने मी सगळ्यांना एकच वाक्य ऐकवत होते: थंडीने गेले. ऐकणारे "अरेरे" म्हणायचे आणि विषय तिथेच मिटायचा.

ते वाक्य खोटं होतं. थंडीने माझा फार तर एक मासा मारला. बाकीचे चौदा मी मारले. हे मी अपराधी भावनेने लिहीत नाहीये, हिशोब करून लिहितेय. आणि हा हिशोब मांडायचाय, कारण "थंडीने गेले" हे वाक्य मला आता सगळीकडे ऐकू येतं. माशांबद्दल, माणसांबद्दल, टेक्ससबद्दल, आपल्याकडच्या वादळांबद्दल. कुणीतरी मेलं की आपण हवामानाच्या नावावर पावती फाडतो आणि मोकळे होतो.

आधी माझी टाकी. वीस गॅलनची, म्हणजे साधारण पंच्याहत्तर लिटरची. त्यात चौदा निऑन टेट्रा, चार मॉली, तळाशी फिरणारे पाच कोरिडोरस आणि एक निळा फायटर. दुकानात मी विचारलं होतं, "एवढे चालतील ना?" दुकानदार म्हणाला, फिल्टर चांगला घ्या, काही होत नाही. मी चांगला फिल्टर घेतला. टाकीखाली कपाटात ठेवायचा बंद डब्यासारखा, कॅनिस्टर म्हणतात तसला. पाणी काचेसारखं स्वच्छ. मला वाटायचं, माझी टाकी निरोगी आहे. खरं तर ती अतिदक्षता विभागात होती आणि तिची नळी भिंतीतल्या सॉकेटमध्ये होती.

वीज गेली तेव्हा मी जागी झाले ती आवाज बंद झाल्यामुळे. फिल्टरची घरघर थांबली होती. बाहेर बर्फ, आत काळोख. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि मला सुचलं ते सगळं केलं. टाकीला दोन ब्लँकेटं गुंडाळली, चारही बाजूंनी. वरून प्लास्टिक ताणलं आणि त्यावर रजई दाबून बसवली, ऊब जाऊ नये म्हणून. त्याआधी दोन चिमटी जास्त खाऊ टाकला, अंगात ताकद राहावी म्हणून. आपण आजारी माणसाला जे करतो तेच. पांघरूण घाला, खायला घाला. मग मी तीन स्वेटर घालून झोपले.

सकाळी नऊला रजई काढली. सहा निऑन आणि दोन मॉली मेले होते. काचेला चिकटवलेला थर्मामीटर २१ अंश दाखवत होता.

हा आकडा मी तेव्हा पाहिला, पण वाचला नाही. २१ अंश! पुण्यात एखाद्या घरात हीटर नसलेल्या टाकीचं पाणी जानेवारीत याहून गार असतं. २१ अंशाने निऑन टेट्रा एका रात्रीत मरत नाही. आणि थंडीच मारेकरी असती तर पहिला कोण जायला हवा होता? फायटर. तो थायलंडकडच्या उबदार, संथ पाण्यातला मासा. ऊब त्यालाच सगळ्यात जास्त लागते. तो तर जिवंत होता. तळाशी पाचही कोरिडोरस जिवंत होते.

फायटर आणि कोरिडोरस यांच्यात काय सारखं आहे? दोघंही पाण्याबाहेरची हवा घेऊ शकतात. फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास अवयव असतो. तो पृष्ठभागावर येतो, घोट घेतल्यासारखी हवा घेतो आणि त्यातला प्राणवायू वापरतो. कोरिडोरस झपकन वर येऊन हवा गिळतात आणि ती आतड्यातून शोषतात. निऑनला यातलं काही जमत नाही. त्याला पाण्यात विरघळलेला प्राणवायूच लागतो. मॉली अगदी वरच्या पातळ थरातलं पाणी कल्ल्यांतून घेत तग धरू पाहतात, तेही काही वेळच.

म्हणजे माझे आठ मासे गारठून मेले नाहीत. गुदमरून मेले.

पाण्यात प्राणवायू शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. फिल्टर पाणी हलवतो, खालचं पाणी वर येतं, हवेला भेटतं, परत खाली जातं. फिल्टर थांबला की ही ये-जा मंदावते. टाकीत मासे कमी असतील तर शांत पृष्ठभागातून शिरतो तेवढा प्राणवायू पुरतो. माझ्या टाकीत पुरण्यासारखी परिस्थिती नव्हती, कारण मी चोवीस मासे भरले होते. त्यात मी वरून प्लास्टिक आणि रजई दाबून हवेची वाट बंद केली. आणि जो जास्तीचा खाऊ टाकला, तो कुजवणाऱ्या जीवाणूंनी उरलेल्या प्राणवायूत वाटा मागितला. मी अंधारात, प्रेमाने, आठ माशांच्या तोंडावर उशी दाबली.

आणि यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे थंडी तेव्हा माशांच्या बाजूने होती. मासा स्वतःचं अंग तापवत नाही. पाणी गार झालं की त्याचं शरीर मंद चालतं आणि त्याला प्राणवायू कमी लागतो. शिवाय गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. २५ अंशाला एका लिटरमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम, १५ अंशाला साधारण १० मिलिग्रॅम. म्हणजे हळूहळू गार होणारं पाणी एका हाताने गरज कमी करतं आणि दुसऱ्या हाताने पुरवठा वाढवतं. विजेविना राहण्यासाठी माशाकडे निसर्गाने दिलेली हीच सवलत आहे. मी ती घालवली.

आता "मासे चिवट असतात, निसर्ग मार्ग काढतो" म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. हो, काही मासे थक्क करणारे असतात. गोल्डफिश बर्फाखालच्या पाण्यात जवळजवळ प्राणवायूशिवाय दिवस काढू शकतो. त्या अवस्थेत शरीरात साठणाऱ्या आम्लाचं तो मद्यार्कात रूपांतर करतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. पण ही गोल्डफिशची लाखो वर्षांची कमाई आहे. ती निऑनच्या नावावर जमा करता येत नाही. निऑन अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याला टेक्ससमधल्या हिवाळ्यासाठी कुणी तयार केलेलं नाही. त्याला तिथे मी ठेवलं. "चिवट असतात" हे वाक्य बहुतेक वेळा जो सोसतोय त्याच्या कौतुकासाठी नसतं, ज्याने सोसायला लावलं त्याच्या सोयीसाठी असतं.

सोमवारी दुपारी मोबाइलमध्ये वीस टक्के चार्जिंग असताना आईचा फोन आला. खानदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावाहून. मी रडत होते. ती आधी म्हणाली, "अगं, तू जेवलीस का?" मग म्हणाली, "टाकीचं तोंड उघडं केलंस का?"

मला एकदम आठवलं. २००६-०७चे दिवस, भारनियमनाचे. दिवसातले बारा-बारा तास वीज नसायची. घरात बाबांनी हौसेने आणलेली टाकी होती. वीज गेली की आई येता-जाता पेल्याने टाकीतलं पाणी काढायची आणि हातभर उंचीवरून परत ओतायची. चहा गार करताना वर-खाली करतो तसं. तिला विरघळलेल्या प्राणवायूबद्दल कुणी शिकवलं नव्हतं. पाणी ओतलं की वर आलेले मासे परत खाली जातात, एवढं तिने पाहिलं होतं. "आणि खायला घालू नकोस," ती म्हणाली. "चार दिवस उपाशी राहिला तर मासा मरत नाही. पाणी घाण झालं तर मरतो."

मी वरची रजई काढली, बाजूची ब्लँकेटं राहू दिली. झाकण तिरकं ठेवलं, फायटरला बोचरी हवा लागू नये एवढंच. दर अर्ध्या तासाने दहा पेले. रात्री दर दोन तासांनी अलार्म. मंगळवारी पहाटे बाहेर उणे दहाच्याही खाली गेलं, आमच्या खोलीत ८ अंश झालं. टाकीतलं पाणी बुधवारी सकाळपर्यंत उतरत उतरत १४ अंशांवर आलं. पहिल्या रात्रीपेक्षा सात अंश खाली! आणि या दोन दिवसांत किती मासे मेले? एक. फायटर. बुधवारी सकाळी तो पानाला टेकून पडला होता. तो थंडीने गेला, हे मी मान्य करते. थंडीच्या खात्यावर तेवढं एकच नाव.

त्याच दिवशी नळाचं पाणीही करंगळीएवढं येऊ लागलं. रूममेटने टाकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "निदान फ्लशला तरी होईल." आम्ही दोघी हसलो. ती अर्धी खरंच बोलत होती.

संध्याकाळी वीज आली. आजूबाजूच्या इमारतींतून आरडाओरडा, टाळ्या. मी धावत जाऊन फिल्टरचं बटण दाबलं, हीटर पूर्ण वर नेला. फिल्टरमधून कुजक्या अंड्यासारख्या वासाचं गढूळ पाणी टाकीत आलं.

फिल्टरच्या बंद डब्यात स्पंज असतात, त्यांत जीवाणू राहतात. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया विषारी असतो आणि हे जीवाणू त्याचं कमी घातक पदार्थात रूपांतर करतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. पाणी फिरायचं थांबलं की बंद डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, ते मरतात आणि तिथेच कुजतात. मी चौसष्ट तास कुजलेला डबा माशांच्या अंगावर ओतला. त्यात हीटरने पाणी झपाट्याने तापवलं. पाणी जितकं गरम, तितका अमोनिया जास्त विषारी. पुढच्या दोन दिवसांत चार निऑन आणि दोन मॉली गेले. वीज आल्यावर!

वीज गेल्या गेल्या तो डबा उघडून स्पंज टाकीतच ठेवले असते तर? वीज आल्यावर डबा रिकामा करून धुतला असता तर? पाणी दिवसभरात सावकाश तापवलं असतं तर? पंधरा मिनिटांचं काम. पैसे शून्य.

तर हिशोब असा: आठ गुदमरून, सहा विषाने, एक थंडीने. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक निर्णय, जो वीज गेल्यावर नव्हे, चार महिने आधी ऑक्टोबरमध्ये दुकानात झाला. विजेच्या भरवशावर, शिल्लक न ठेवता, टाकी भरण्याचा. वीज आहे तोवर ती टाकी उत्तमच दिसते. वीज गेली की कळतं, त्यात एका रात्रीचीही सवड नव्हती.

इथे कुणीतरी म्हणणार, आणि मला लोक म्हणालेही आहेत: माणसं मरत होती आणि तू मासे मोजत होतीस?

हो. आणि मासे मोजल्यामुळेच मला माणसांचा हिशोब कळला. टेक्ससच्या आरोग्य खात्याने त्या वादळातल्या मृत्यूंचा अधिकृत आकडा २४६ दिला. त्यातले १६१ थंडीच्या संसर्गाने नव्हे, थंडीत उघडे पडल्यामुळे. १९ कार्बन मोनॉक्साइडने, म्हणजे ऊब मिळवायला बंद जागेत काहीतरी जाळल्यामुळे किंवा इंजिन चालू ठेवल्यामुळे. माझ्या रजईची आठवण येते की नाही? ऊब धरायला जावं आणि हवा जावी.

या १६१ लोकांपुढे "थंडी" असं लिहिणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. पण ते शेवटचं कारण झालं. पहिलं कारण जुनं होतं. फेब्रुवारी २०११मध्ये टेक्ससमध्ये अशीच थंडी पडली होती, अशीच वीज गेली होती. त्या वर्षीच केंद्रीय नियामकांचा अहवाल आला: प्रकल्पांची यंत्रं, वायूच्या विहिरी आणि वाहिन्या थंडीसाठी सज्ज करा. त्या शिफारशी होत्या, सक्ती नव्हती. दहा वर्षांनी तेच झालं. टेक्ससची ग्रिड मुद्दामच देशाच्या बाकीच्या ग्रिडपासून जवळपास वेगळी ठेवलेली, त्यामुळे शेजारून फारशी वीजही घेता येईना. टीव्हीवर काही नेते पवनचक्क्यांना दोष देत होते. प्रत्यक्षात बंद पडलेल्या वीजनिर्मितीत सगळ्यात मोठा वाटा नैसर्गिक वायूवरच्या प्रकल्पांचा होता. पहाटे ग्रिड पूर्ण कोसळण्यापासून साडेचार मिनिटांवर होती म्हणून लाखो घरांची वीज तोडली. सांगितलं होतं की आळीपाळीने जाईल. आमच्याकडे आळी आली, पाळी संपली नाही. ह्यूस्टनच्या डाउनटाउनमधल्या रिकाम्या इमारती मात्र त्या रात्री झगमगत होत्या, त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले.

भारनियमनाचं कौतुक मला करायचं नाही. खानदेशातल्या शेतकऱ्याने रात्री दोन वाजता विंचूकाट्यातून जाऊन मोटार चालू केली आहे. त्याला "चिवट" म्हणून टाळ्या वाजवणं हा त्याचा अपमान आहे. पण निदान पेपरात वेळापत्रक छापून यायचं आणि आईला पेला कधी हातात घ्यायचा ते कळायचं. टेक्सससारख्या श्रीमंत राज्यात तेवढंही मिळालं नाही.

थंडीने मासे मरतच नाहीत असं मी म्हणत नाहीये. त्याच आठवड्यात टेक्ससच्या किनाऱ्यावर उथळ खाड्यांमधले मासे खरोखर गारठून मेले. राज्याच्या वन्यजीव विभागाचा अंदाज किमान ३८ लाखांचा होता. त्यांना खोल पाण्यात पोचायला वेळ मिळाला नाही. ते थंडीने गेले, असं निःशंक म्हणा. पण टाकीतल्या माशाला खोल पाणी नसतंच. त्याचं खोल पाणी म्हणजे आपण ठेवलेली शिल्लक: मोकळी जागा, कमी गर्दी, आधीच केलेला विचार. ती ठेवली नाही तर निसर्गाला मध्ये आणू नये.

आपल्याकडे हिवाळ्यापेक्षा उन्हाळा आणि वादळं जास्त छळतात, म्हणून हे सगळं दूरचं वाटेल. उलट आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाची गरज वाढलेली असते, त्यामुळे मे महिन्यात वीज गेली तर तुमच्या टाकीकडे माझ्यापेक्षा कमी तास आहेत. जून २०२०मध्ये निसर्ग वादळानंतर रायगडमधल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. तेव्हाही ऐकू आलं ते एवढंच: वादळाने नेलं.

त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे. टाकी विकणाऱ्याने "किती मासे मावतील" हे सांगू नये. "वीज नसताना रात्रभर किती मासे जगतील" हे सांगावं, आणि आपण तेच विचारावं. घरी टाकी असेल तर एखाद्या रविवारी दिवसा, समोर बसून, फिल्टर बंद करा. दोन-तीन तासांत मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर तुमच्याकडे मासे जास्त आहेत. लगेच फिल्टर चालू करा आणि काही मासे दुसऱ्या कुणाला द्या. दोनशे-तीनशे रुपयांचा बॅटरीवरचा एअर पंप घ्या. तो नसेल तर पेला आहेच. आणि "मासाच आहे, दुसरा आण" असं कुणी म्हणालं तर त्याला घरातून घालवा. माशाची किंमत वीस रुपये आहे म्हणून त्याचं गुदमरणं वीस रुपयांचं होत नाही.

माझ्याकडे आता त्याच टाकीत नऊ मासे आहेत. चार निऑन, पाच कोरिडोरस. लोक येतात आणि विचारतात, "एवढी मोठी टाकी आणि एवढेच?" मोकळी दिसते, मान्य आहे. ती मोकळी जागा मी रिकामी ठेवलेली नाही. ती पुढच्या काळोखासाठी राखून ठेवलेली हवा आहे.